ईश्वरविज्ञानाची पुस्तकं पुढच्या रविवारसाठी वाचू नका

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ऐरोलीला राहता, नोकरी महापेला. आपल्या मराठी मंडळीत दर गुरुवारची घरसभा चालवता आणि महिन्यातून एकदा रविवारी संदेश देता. सेवेत वाढ व्हावी म्हणून ईश्वरविज्ञानाची, म्हणजे देव आणि ख्रिस्ती विश्वास यांचा पद्धतशीर विचार मांडणारी (थिऑलॉजीची), चार-पाच इंग्रजी पुस्तकं मागवलीत. त्यातल्या बाराशे पानांच्या ग्रंथाची चाळीसेक पानं झाली आणि पुढे रेटेना. इंग्रजी जड जातं, मराठीत काही मिळत नाही. पाळकसाहेब म्हणतात, पवित्र शास्त्र पुरेसं आहे. कुठून सुरुवात करावी आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या विद्यालयात, नाव घालावं का, असं तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीत की, ही पुस्तकं वाचायला लागल्यापासून प्रार्थना कोरडी झाली आहे.

पुस्तकांची नावं सांगतोच. पण आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलू, कारण मला खरा प्रश्न तिथेच दिसतो. ठाण्यात बरीच वर्षं पाळकीय सेवा केली, आता घरसभा चालवणाऱ्या तरुणांबरोबर आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या, शिक्षकांबरोबर बसून पुस्तकं वाचतो. ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. तेव्हा मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, की वाचनाला वेळ कुठून काढला? नोकरी, लोकलचा प्रवास, घर, मुलांचा अभ्यास यातून कुणालाच मोकळा तास मिळत नाही. मग सकाळचा जो अर्धा तास प्रार्थनेचा होता, त्यात पुस्तक येऊन बसतं. मनाला वाटतं, देवाचंच तर वाचतोय. पण देवाविषयी वाचणं आणि देवाशी बोलणं या दोन गोष्टी आहेत. एकीचा वेळ दुसरीला दिला तर प्रार्थना आटणारच, त्यात पुस्तकाचा दोष नाही. तुमचं असं झालं असेल तर तो अर्धा तास आजच परत करा. वाचन आठवड्यातून दोनदाच झालं तरी चालेल.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. संदेश द्यायची जबाबदारी असलेला माणूस पान उलटताना मनात एकच हिशोब करतो, की हे कुठे वापरता येईल? टपाल वाटणाऱ्याच्या हातून रोज शेकडो पत्रं जातात आणि त्यातलं एकही त्याच्या नावाचं नसतं, तशी गत होते. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम म्हणणं असं, की पुढच्या रविवारच्या तयारीसाठी हे ग्रंथ उघडू नका. त्या तयारीसाठी शास्त्रपाठ आणि त्यावरचं एखादं भाष्य पुरे. ईश्वरविज्ञान वाचायचं ते स्वतःसाठी, आणि ज्याचं उत्तर आपल्याकडे नव्हतं अशा एखाद्या माणसाच्या प्रश्नासाठी. ते संदेशात उतरतं, पण चार-सहा महिन्यांनी, मुरून आणि आपल्या बोलीत.

माझं म्हणणं एका उदाहरणावरून नीट कळेल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीतली नोकरी गेलेल्या एका भावाच्या घरी, कळव्याला, प्रार्थना होती. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर होतं, त्यावर यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, ते आशा देणारे आहेत, हे वचन. त्या भावाने विचारलं, "हे वचन माझ्यासाठी आहे ना? मग नोकरी कधी लागेल?"

अशा वेळी जीभ लगेच "लवकरच लागेल" म्हणायला धावते. पण तो अध्याय उघडा. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून धाडलेलं ते पत्र आहे. पाचव्या ओवीपासून देव त्यांना सांगतो की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे मुक्काम लांबणार आहे. दहाव्या ओवीत आकडाच आहे, सत्तर वर्षं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो आणि लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हनन्याच आवडला असणार. अकरावी ओवी त्यानंतर येते. ती ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी ती सुटका डोळ्यांनी पाहिली नसणार.

इथपर्यंत नुसत्या पवित्र शास्त्राच्या वाचनाने पोहोचता येतं, त्याला जाड ग्रंथ लागत नाही. पण आता पुढचे प्रश्न उभे राहतात. एका राष्ट्राला दिलेलं वचन आज कळव्यात बसलेल्या एका माणसाने कसं धरावं? जुन्या करारातली अभिवचनं ख्रिस्तामध्ये आपली होतात, ती कोणत्या अर्थाने? कंपनी बंद पडणं हे देवाच्या नियंत्रणाबाहेर घडलं का, आणि बाहेर नसेल तर त्याने ते का होऊ दिलं? हे प्रश्न शतकानुशतकं विचारले गेले आहेत, आणि आपल्याहून जास्त सोसलेल्या माणसांनी त्यावर विचार केला आहे. अशा वेळी त्या बाराशे पानांच्या ग्रंथातलं देवाच्या तरतुदीवरचं, म्हणजे देव जग कसं चालवतो आणि सांभाळतो यावरचं, तेवढं एक प्रकरण काढा. त्या घराचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून वाचलंत तर इंग्रजीसुद्धा निम्मं सोपं होतं, कारण आपण काय शोधतोय ते आपल्याला माहीत असतं. आणि वाचून झाल्यावर त्या भावासाठी जी प्रार्थना कराल, ती कोरडी राहणार नाही.

त्या घरात आम्ही काय सांगितलं? नोकरीची तारीख सांगितली नाही. लांबलेल्या मुक्कामातही देवाने त्या लोकांना विसरलं नव्हतं, त्यांना पत्र धाडलं, हे सांगितलं. मग रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सगळा वाचला, आणि मंडळीतल्या दोघांनी त्याच्या अर्जांचं बघायचं अंगावर घेतलं. हनन्याचा संदेश दिला असता तर महिन्याभरात त्या माणसाचा विश्वास खचला असता. चुकीच्या ईश्वरविज्ञानाची किंमत संदेश देणारा मोजत नाही, ती ऐकणाऱ्याच्या घरी मोजली जाते. म्हणून घरसभा चालवणाऱ्याने वाचलं पाहिजे, असं मी इतक्या कळकळीने म्हणतो.

पाळकसाहेबांशी या विषयावर वाद घालू नका. पवित्र शास्त्र पुरेसं आहे, हे त्यांचं म्हणणं मूळात बरोबरच आहे. तारणासाठी आणि विश्वासासाठी शेवटचा अधिकार त्याचाच. पण त्याच शास्त्रात रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी फिलिप्पाला म्हणतो की कुणी समजावून सांगितल्याशिवाय मला कसं समजणार? अपुल्लोस शास्त्रात निपुण होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. आणि पौल शेवटच्या कैदेतून तीमथ्याला लिहितो, तेव्हा त्रोवसात राहिलेला झगा मागवतो, पुस्तकं मागवतो आणि चर्मपत्रं तर आवर्जून. मरण समोर दिसत असताना त्याला वाचायला हवं होतं. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकानेही आपला मोठा ग्रंथ शास्त्र वाचणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी लिहिला. १५३६ मध्ये त्याची सहाच प्रकरणं होती, १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत ती ऐंशी झाली. मधली सगळी वर्षं तो संदेश देत होता, भाष्यं लिहीत होता आणि मंडळीच्या भानगडी सोडवत होता. त्यामुळे पाळकसाहेबांकडे जाऊन "तुम्ही तयारी करताना काय वाचलंत?" असं विचारा. बहुतेक पाळकांच्या कपाटात त्यांच्या शिक्षणाच्या काळातली पुस्तकं असतात आणि कुणीतरी विचारावं याची ते वाट बघत असतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमची मंडळी कुठल्या परंपरेतली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने फरक पडतो. समजा तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहात. १९७० मध्ये नागपूरला ही मंडळी एकत्र आली, तेव्हा त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे समजत्या वयातच तो देणारे बाप्टिस्टही होते. म्हणून तिथे बालकांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्हींना जागा आहे. बाजारात सहज मिळणारे जाड इंग्रजी ग्रंथ बरेचदा एकाच परंपरेचे असतात, पुष्कळसे अमेरिकेतले. त्यातलं बाप्तिस्म्याचं प्रकरण वाचून एखादा तरुण गुरुवारच्या सभेत उठतो आणि ज्या आजीने आपल्या नातवंडांना वेदीपाशी नेलं, तिला चूक ठरवतो. हे मी घडताना पाहिलं आहे आणि ती जखम भरायला फार वेळ लागतो. म्हणून पुस्तक उघडण्याआधी लेखक कोण, कुठल्या मंडळीचा, कुठल्या काळातला, हे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मतभेदाच्या विषयावर निदान दोन बाजूंचं वाचल्याशिवाय सभेत बोलू नका. पेंटेकॉस्टल मंडळीत असाल तर हेच पवित्र आत्म्याच्या दानांबद्दल लागू आहे.

मराठीत काही नाही, हे मात्र मला मान्य नाही. इंग्रजीच्या मानाने कमी आहे, हे खरं. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. त्याची मराठी जुनी आहे, सगळं वाचायला मी सांगणार नाही, पण थोडा भाग मोठ्याने वाचून बघा. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासूनचं आहे. नारायण वामन टिळकांची भजनं आणि अभंग तर उपासना संगीत या आपल्या गीतसंग्रहातून तुम्ही लहानपणापासून म्हणत आलात. त्यातलं एक पद घ्या आणि हा माणूस ख्रिस्ताला कोण म्हणतो, तारण कशाला म्हणतो, हे ओळीओळीला विचारा. संध्याकाळभराचा अभ्यास होईल, आणि घरसभेतल्या सगळ्यांना त्यात भाग घेता येईल, कारण चाल सगळ्यांना पाठ असते.

पंडिता रमाबाईंची साक्ष तुम्ही खास वाचावी, कारण ती तुमच्या त्या शेवटच्या ओळीला उत्तर देते. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याइतकी विद्वान स्त्री त्या काळी दुसरी दाखवणं अवघड. ख्रिस्ती सिद्धांत त्यांनी शिकलेले होते. तरी त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला काही वर्षांनी, आणि त्यात एका पुस्तकाचा हात होता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाने आपल्या जीवनाची हकिकत लिहिली होती. पाळक असूनही आपल्याला तारणाचा अनुभव नव्हता हे त्याला कसं कळलं, ते त्यात आहे. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासलं. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. अभ्यास आणि भक्ती यांची फारकत झालीच पाहिजे असं नाही, हे केडगावला सेवा केलेल्या रमाबाईंकडे पाहून पटतं.

आता इंग्रजीतलं. तुम्ही मागवलेल्या चार-पाच पुस्तकांपैकी जाड ग्रंथ सरळ वाचत जायचा नाही, शब्दकोश वापरतो तसा तो गरजेपुरता उघडायचा. त्याआधी गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचं पवित्र शास्त्र कसं वाचावं याविषयीचं १९८१ चं पुस्तक मिळवा. पत्र, स्तोत्र, दाखला, संदेष्ट्याचं वचन, प्रत्येक प्रकार वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो, हे त्यात नीट समजावलं आहे. कॅलेंडरवरच्या वचनाचा वर जो घोळ सांगितला, तो या एका पुस्तकाने बराच टळतो. घरसभा चालवणाऱ्यासाठी जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांचं ख्रिस्ती सहजीवनावरचं १९३९ चं छोटं पुस्तक घ्या. हिटलरच्या पोलिसांनी पुढे बंद पाडलेल्या सेमिनरीत तरुण पाळकांबरोबर राहून त्यांनी जे पाहिलं, त्यावर ते लिहिलं आहे. आपल्या मनातल्या आदर्श मंडळीवर प्रेम करत बसलेला माणूस समोरच्या खऱ्या मंडळीचं नुकसान करतो, हा त्यातला मुद्दा मला सेवेत वारंवार आठवला आहे.

आणि एक जुनं पुस्तक जवळ असू द्या. माझ्या मते तुमच्यासाठी ऑगस्टिन या प्राचीन बिशपचं आत्मनिवेदन, सन ४०० च्या सुमाराचं. त्यात पाप, कृपा, काळ, निर्मिती यांवरचा गाढ विचार आहे, पण सगळं पुस्तक देवाला "तू" म्हणून उद्देशून लिहिलेलं आहे. तो विचार करता करता प्रार्थना करतो. प्रार्थना कोरडी झालेल्या माणसाने रोज दोन पानं सावकाश वाचावीत. हे आणि इतर जुने ग्रंथ इंग्रजीत इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यावर पैसे घालवू नका.

ठाण्यात-नवी मुंबईत राहणाऱ्याने मंडळीचा इतिहासही थोडा वाचावा. तरुण मुलं विचारतात, आपला धर्म इंग्रजांबरोबर आला ना? १३२१ मध्ये याच ठाण्यात टोलेंटिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन संघाचा संन्यासी आणि त्याचे तीन सोबती विश्वासासाठी मारले गेले. त्यांचा सहकारी जॉर्डेनस त्या वेळी दुसरीकडे होता, म्हणून वाचला. वास्को द गामा भारतात यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होती. हे कळल्यावर शब्बाथ शाळेतल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वाचायची पद्धत साधी ठेवा. ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्याने सिद्धांत डोक्यात शिरत नाही, तिथे चरित्र किंवा साक्ष वाचा. सिद्धांताला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्या, पाऊण तास पुरे, शेजारी पवित्र शास्त्र उघडं हवं. लेखकाने दिलेला प्रत्येक संदर्भ काढून बघा, पुष्कळदा त्या ओवीत लेखक म्हणतो तेवढं नसतं. मग वहीत आपल्या मराठीत दोन-तीन ओळी लिहा की तो काय म्हणाला, आणि त्याखाली त्यावरूनची एक प्रार्थना. ही प्रार्थना लिहिता येत नसेल तर ते प्रकरण अजून आपलं झालेलं नाही, पुढे जाऊ नका. शक्य असेल तर कुणीतरी सोबत घ्या. कळव्याला आम्ही चौघं-पाचजण मिळून एक प्रकरण वाचून येतो आणि ज्याला जे पटलं नाही ते त्याने सांगायचं, एवढाच नियम आहे. एकट्याने वाचणारा फार लवकर स्वतःला शहाणा समजू लागतो.

घरसभेत मात्र लेखकांची नावं आणि ग्रीक शब्द नकोत. दिवसभर चार घरची कामं करून आलेली मावशी गुरुवारी तुमचं वाचन मोजायला येत नाही.

सेमिनरीचं. पाळकपदासाठी हाक आहे असं तुम्हाला वाटत असेल आणि मंडळीलाही तसं दिसत असेल, तर पूर्णवेळ शिक्षणाचा विचार करा. पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे. पण तुमच्या पत्रावरून नोकरी आणि घरसभा दोन्ही चालू ठेवायची इच्छा दिसते. तसं असेल तर ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सेनेटचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा बाह्य अभ्यासक्रम बघा, तो घरी राहून करता येतो. परीक्षा असली की वाचनाला शिस्त लागते, हा त्याचा मोठा फायदा. पत्नीशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका. तुमच्या दोन संध्याकाळी जातात, तेव्हा घर ती सांभाळत असते.

तोवर या महिन्यात एवढंच करा. फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय, रोज एका बैठकीत सगळं वाचा. आठवड्याने त्यावरचं एक भाष्य हातात घ्या. पौल ते कैदेत बसून लिहितो आहे आणि तरी आनंदाबद्दल लिहितो, एवढा एक प्रश्न धरून वाचलंत तरी पुरे. कोणतं भाष्य घ्यावं हे तुमची मंडळी कोणती आणि इंग्रजी कितपत झेपतं यावर ठरेल. ते कळवलंत तर नेमकं नाव सांगतो.